गहू सोडला तरी

४ ऑक्टोबर

परत दुखतंय!

बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली. ओला कपडा पिळावा तसं पिळतं, सुटतं, परत पिळतं. सकाळी भाकरी आणि दोडक्याची भाजी खाल्ली. दुपारी मऊ भात, मुगाचं वरण. गव्हाचा कण पोटात नाही. मग हे काय?

दीड वर्षापूर्वी दुर्बीण घालून तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते— सिलिॲक. गहू, मैदा, रवा, सगळं बंद. जन्मभर! आणि मी बेकरीवाल्यांची सून. खाली भट्टी, वर घर. तोहिद दवाखान्यात हसला होता, "आता काय पाव दगडाचा करायचा व्हय?" आणि घरी आल्यावर जिन्यात बसून रडला होता. पण गहू सोडला आणि जुलाब थांबले. रक्त वाढलं. गाल भरले. वाटलं, सुटले.

उन्हाळ्यापासून हे नवीन. आधी कधीतरी, मग आठवड्यातून दोनदा, आता रोजच. कुणाला नीट सांगितलेलं नाही. काय सांगू? एवढं पथ्य पाळून दुखतंय म्हटलं की सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात.

६ ऑक्टोबर

तोहिद जबरदस्तीनं डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि लगेच म्हणाले, "कुठून तरी गहू जातोय."

मी म्हटलं, नाही जात. हिंग मागच्याच वर्षी फेकला, त्यात पीठ मिसळतात म्हणून. गिरणीत आमची ज्वारी गव्हावर दळायचे, म्हणून घरघंटी घेतली. माझा तवा वेगळा, पातेली वेगळी, मिठाची बरणीसुद्धा वेगळी.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "चोरून काही खाता का? खातात लोक. लाजू नका."

चोरून! एका पोरीची आई मी, बिस्किट चोरून खाईन?  आणि तोहिदनं माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. पण बघितलं.

मग विचारलं, राहता कुठं? तोहिदनं सांगितलं. डॉक्टर पेन ठेवून हसले. "बेकरीच्या वर? मग झालं तर! मैदा हवेत असतो. नाकातोंडातून पोटात जाणारच. महिना-दोन महिने लांब राहून बघा, मग पुढचं बघू."

संध्याकाळी कणकण येते ते सांगायचं राहिलं. पण त्यात काय सांगायचं! आमच्या खोलीची फरशीच तापलेली असते. भट्टीवर राहणाऱ्याला कसला आलाय ताप.

७ ऑक्टोबर

नजीराभाभीनं माझ्या चाळणीनं कणीक चाळली. माझी चाळण! लाल दोरा बांधलेला असताना. नजीराभाभी म्हणजे थोरल्या दिरांची बायको. स्वयंपाकघर दोघींचं.

मी ओरडले. तीही ओरडली. "एवढ्याशा पिठानं माणूस मरतं व्हय? सगळं डोक्यातलं हाय तुझ्या! आमच्या आज्ज्या काय मेल्या न्हाईत गहू खाऊन."

चाळण फेकली. नवी आणली. वाटलं, सापडलं एकदाचं! आता थांबेल.

१० ऑक्टोबर

नाही थांबलं.

१२ ऑक्टोबर

खाली दिवाळीची गर्दी सुरू झाली. दरवर्षीचंच. बायका घरून मैदा, तूप, पिठीसाखर डब्यातून आणतात आणि आमच्याकडे नानकटाई भाजून नेतात. रांग पार रस्त्यापर्यंत. अब्बांना हे दिवस फार आवडतात. माझे सासरे— सत्तरी जवळ आली तरी भट्टीसमोरून हलत नाहीत. "पावणं, तूप कमी पडतंय की! काय नवऱ्याला कोरडं खायला घालताय?" असं ओरडून बायकांना हसवतात. मागच्याच्या मागच्या वर्षापर्यंत गल्ल्यावर मी बसायचे. डबे कुणाचे ते मलाच पाठ असायचं.

आता मी वर. दाराच्या फटीत ओला टॉवेल. खिडक्या बंद. तरी टेबलावरून बोट फिरवलं की बोट पांढरं.

संध्याकाळी मेहक पळत वर आली. भुवयांवर मैदा, केसांत मैदा. "मम्मी, मी एकटीनं ट्रे भरला!" म्हणून गळ्यात पडायला आली आणि मी हात पुढे करून तिला थांबवलं. "आधी अंघोळ कर जा."

आठ वर्षांची पोर. तोंड एवढंसं झालं तिचं.

१७ ऑक्टोबर

आज भातही नको वाटला. पेज घेतली. ती पण टोचली.

२२ ऑक्टोबर

व्हायचं ते झालं.

दिवाळीचं काम संपलं म्हणून आज सगळे एकत्र जेवायला बसले. मी ताट घेतलं आणि दोन घासांत उठले, मोरीत जाऊन वाकून उभी राहिले. परत आले तर तोहिद अब्बांना सांगत होता, "आमी बाहेर राहायला जातो. डॉक्टर म्हणालेत. ह्या मैद्यानंच हुतंय."

अब्बांनी हातातला घास ताटात ठेवला.

"भट्टीला दोष देतोस?"

"दोष न्हाय अब्बा—"

"ह्या भट्टीवर तुमची आई नांदली. तुमी दोघं हितंच जन्मला. कुणाचं पोट दुखलं न्हाय. ह्या भट्टीनं पोटं भरली रं, दुखवली न्हाईत!"

तोहिद पण पेटला. म्हणाला, भट्टी पायजे का बायको पायजे मला! भाऊजी मध्ये पडले. नजीराभाभी पोरांना घेऊन आत गेली. मी तिथंच उभी. माझ्या पोटावरून भांडण आणि मलाच कुणी काही विचारत नव्हतं.

अब्बा हात धुवून उठले. जाताना माझ्याजवळ थांबले. मग तसेच खाली भट्टीकडे उतरले. 

२९ ऑक्टोबर

गडमुडशिंगीत दोन खोल्या मिळाल्या. तोहिदच्या ओळखीनं. मालक सयाजी म्हणून शेतकरी आहेत, खाली ते आणि त्यांची बायको, वर आम्ही. तोहिद रोज मोटरसायकलवरून कामाला येणार-जाणार, मेहकला शाळेत सोडणार. तो कामावरून आल्यावर बाहेरच कपडे बदलून अंघोळ करूनच आत येणार. सगळं त्यानंच ठरवलं. मला म्हणाला, "तू फक्त बरी हो."

अब्बा आठवडाभर माझ्याशी बोललेले नाहीत.

२ नोव्हेंबर

आलो. खोल्या स्वच्छ, पांढऱ्या— चुन्यानं पांढऱ्या! मैद्यानं नाही. खिडकीतून ऊस दिसतो. नवा तवा, नवी भांडी, नवा पोळपाट. ह्या घरात गहू कधी येणारच नाही. खोल श्वास घेतला. किती दिवसांनी घाबरल्याशिवाय घेतला!

निघताना अब्बा भट्टीकडे तोंड करून उभे होते. मी सलाम केला. त्यांनी मान हलवली, वळले नाहीत.

५ नोव्हेंबर

थोडं कमी आहे. खरंच कमी आहे का? की मला हवंय म्हणून कमी वाटतंय? नाही, आहे कमी.

९ नोव्हेंबर

दुखतंय.

तेच. तिथंच. तसंच पिळून.

१० नोव्हेंबर

आजही. तोहिद आला, बाहेर नळावर अंघोळ केली— थंडी पडलीय आता— कुडकुडत आत आला आणि पहिलं विचारलं, "आज कसं हाय?"

"बरं आहे की."

किती सहज आलं तोंडातून! त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढे काही बोलताच येईना. मेहकला उचलून फिरवलं त्यानं. "बघितलंस? मम्मी बरी झाली!"

आता काय करू?

१४ नोव्हेंबर

रोज तेच विचारतो. रोज तेच सांगते.

दुखायला लागलं की मोरीत जाते, बादलीत नळ सोडते, वाकून बसते. पाण्याच्या आवाजात कण्हलेलं ऐकू जात नाही. बाहेर येताना तोंड धुवून येते.

त्यानं बापाचं घर सोडलं माझ्यासाठी. बापलेक एकाच भट्टीवर काम करतात आणि एकमेकांशी कामापुरतं बोलतात— "ट्रे दे", "लाकडं आली", संपलं. भाऊजींनी फोनवर सांगितलं मला. आता ह्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू की मैद्याचा संबंधच नव्हता? तू उगाच भांडलास?

आणि मैदा नाही तर मग काय आहे? हा प्रश्न मी पुढे विचारतच नाही. तिथपर्यंत जाते आणि परत फिरते.

१८ नोव्हेंबर

घरमालकीण आक्का चांगली बाई आहे. मोठ्यानं बोलते, अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. आज पुरणपोळी घेऊन आली. मी सांगितलं, गहू चालत नाही. "अगं घासभर! देवाचं हाय, काय हुत न्हाय!" मी नाही म्हटलं. मला वाटलं रागावली. तासाभरानं परत आली— तांदळाच्या पिठाचे घावन घेऊन. "घे. आता न्हाय म्हणलीस तर बघ!"

खाल्ले तिच्यासमोर. ती गेल्यावर ओकले. बिचारीचं काहीच चुकलेलं नव्हतं. पोटात आता काहीच टिकत नाही.

सलवारीची नाडी आवळून आवळून गाठ मागे जायला लागलीय. संध्याकाळी अंग तापतं. इथं खाली भट्टी नाही. पण वर पत्रा आहे, दिवसभर ऊन खातो— त्यानंच असेल.

२३ नोव्हेंबर

फोनवर वाचायला नको होतं. "पथ्य काटेकोर पाळूनही दुखत असेल, वजन उतरत असेल तर—" आणि पुढे तो शब्द. फोन उलटा ठेवला.

मग मेहकचे केस विंचरायला बसले. दोन वेण्या घातल्या, परत सोडल्या, परत घातल्या. ती कंटाळली. "मम्मी, झालं की!"

होऊ दे म्हटलं अजून एकदा.

२६ नोव्हेंबर

तोहिद म्हणाला, आता दोनेक महिने झाले की डॉक्टरांना सांगून येऊ, मैदाच होता म्हणून. आणि मग अब्बांना पण सांगतो. त्यांनी कबूल केलं पाहिजे.

मी मान हलवली. किती खोटारडी झालेय मी!

२ डिसेंबर

दवाखान्यात आहे. सलाईन डाव्या हाताला आहे म्हणून लिहिता येतंय. मागचे चार दिवस लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. नाही, विसरणार नाही. तरी लिहिते.

शुक्रवारी सकाळी तोहिद मेहकला घेऊन गेला आणि थोड्या वेळात पोटात जे सुरू झालं ते थांबेचना. एरवी पिळतं आणि सुटतं. ह्या वेळी सुटलंच नाही. पोट फुगून ढोल झालं. हिरवी उलटी झाली. फोन आतल्या खोलीत होता, मी स्वयंपाकघराच्या फरशीवर. आक्काला हाक मारली पण ती मागं गोठ्यात असणार. फरशी गार होती, गाल टेकवून पडून राहिले. मनात एकच— मेहकला शाळेतून आणायला कुणाला सांगायचं?

जिन्यावर पावलं वाजली. आणि आवाज, "कोण हाय का? इकडं दुकानात पाव टाकायला आलतो, म्हणलं—"

अब्बा!

गडमुडशिंगीतल्या एकाही दुकानात आमचा पाव येत नाही. मला माहीत नाही का?

दारातून त्यांनी बघितलं आणि "या अल्ला!" म्हणून खालीच बसले माझ्याजवळ. मग जिन्यातूनच आक्काला हाका मारल्या. त्या दोघांनी मला धरून खाली आणलं. रस्त्यावर आमची पावाची गाडी उभी होती. अब्बांनी पुढचं दार उघडलं आणि थबकले. सीट पांढरी झालेली— रोजचा मैदा. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पुसायला लागले. पुसलं, झटकलं, परत पुसलं. तेवढ्यानं धूळ उडाली, परत बसली, ते परत पुसायला लागले. मी दुमडून आक्काच्या अंगावर.

आक्का ओरडली, "अवं पावणं! पुसताय काय? बसवा की पोरीला!"

"मैदा हाय वो त्यावर," अब्बा म्हणाले. आवाज रडका झालेला. "तिला मैदा चालत न्हाय..."

आणि त्यांनी अंगातला सदरा काढला. जुम्म्यासाठी घातलेला, पांढरा, इस्त्रीचा. उलटा करून सीटवर अंथरला. मला त्यावर बसवलं आणि नुसत्या बनियनवर गाडी सुरू केली. नोव्हेंबरच्या थंडीत.

गाडीत मी सांगून टाकलं. का ते माहीत नाही. मरते की काय असं वाटत होतं म्हणून असेल.

"अब्बा, मैद्यानं न्हाय. तिथं मैदा न्हाय तरीबी दुखतंय. पहिल्यापासून दुखतंय."

अब्बा गाडी दामटत राहिले. उचगावच्या पुलापाशी गाड्या तुंबल्या तेव्हा म्हणाले, "तोहिदला सांगितलंस?"

"न्हाय."

"का गं?"

"त्यानं तुमचं घर सोडलं माझ्यासाठी."

अब्बांनी टॉवेलनं डोळे पुसले. टॉवेलचा मैदा सगळा तोंडाला लागला. मग हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. "घर कुठं जातंय? आतडं गेलं तर कुठनं आणायचं गं, खुळे?"

त्यांची जुम्म्याची नमाज त्या दिवशी चुकली. माझ्या लग्नापासून कधी चुकलेली बघितली नव्हती.

३ डिसेंबर

नाकातली नळी काढली. आज साखरेचं पाणी मिळालं. पोट बसलंय थोडं.

इथं वेगळ्या डॉक्टर आहेत. बाई आहेत, कमी बोलतात, पण बोलू देतात. सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं— संध्याकाळची कणकण पण. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "ताप? कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. पण आम्ही भट्टीवर राहायचो, म्हणून वाटलं..."

"आणि भट्टी सोडल्यावर?"

"तेव्हाही."

त्यांनी मान हलवली. पोटाच्या फोटोत लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथं जाडी दिसतेय म्हणे. दोन्हीकडून दुर्बीण घालून तुकडे घेणार. मी विचारलं, कॅन्सर का? त्या म्हणाल्या, "तुकडा बघितल्याशिवाय मी कशाचंच नाव घेत नाही." नाही असं म्हणाल्या नाहीत.

४ डिसेंबर

तोहिदला सांगितलं. अब्बा म्हणाले होते, "तूच सांग. मी सांगनार न्हाय."

तो पायाशी बसला होता. मी छताकडे बघत सगळं सांगितलं. मोरीतला नळ सोडायचे ते पण.

तो ओरडेल असं वाटलं होतं. उठला, खिडकीपाशी गेला. "रोज विचारत हुतो तुला. रोज. आणि तू रोज..." तो वळला. "मी अब्बांशी भांडलो ते माझं मी बघितलं असतं. तू मेली असतीस तर मी काय करायचं हुतं?"

आणि निघून गेला.

५ डिसेंबर

दुर्बीण झाली. तोहिद आला होता. डबा ठेवला. एक निरोप सांगितला आणि गेला.

डब्यात भाकरी होती, दुधात कुस्करलेली. अगदी बारीक. भाकरी त्याला करता येत नाही. ही नजीराभाभीची— तिच्या भाकरीला कडा जाड असतात, कुस्करल्या तरी कळतात. निरोप पण तिचाच होता: "वेगळ्या तव्यावर केलीय म्हणावं. आणि मला पयल्यापास्नं वाटत हुतं, हे काय गव्हाचं दुखणं न्हवं."

पहिल्यापासून वाटत होतं! हसले तर टाके पडल्यासारखं दुखलं. तरी हसले.

९ डिसेंबर

आतड्याचा टीबी.

डॉक्टरबाईंनी दारातूनच सांगितलं, "नाव घेते आता. बरा होणारा आजार आहे." मग बसल्या. निदान सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही. छाती स्वच्छ आहे, त्यामुळे घरच्यांना माझ्यापासून लागण व्हायची भीती जवळजवळ नाहीच. कुठून आला? "ते कुणालाच सांगता येणार नाही."

तोहिद, अब्बा, दोघेही होते. टीबी ऐकून अब्बांचा चेहरा पडला, पण मी? मला कुशीवर वळून हुंदका आला तो सुटल्याचा. तो दुसरा शब्द नव्हता! नव्हता तो!

मग त्यांनी वरच्या आतड्याचा रिपोर्ट दाखवला. सिलिॲकमुळे झिजलेलं अस्तर परत भरून आलंय. "इतकं काटेकोर पथ्य पाळलेले पेशंट मला फार कमी भेटतात," म्हणाल्या. "गव्हाचा ह्या दुखण्याशी संबंध नाही. बेकरीचाही नाही. दोन वेगळे आजार. एक तुम्ही सांभाळलात, दुसरा त्याच्या मागं लपला."

चोरून खाता का! आज तो पहिला डॉक्टर इथं असायला हवा होता.

तोहिदनं माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी क्षणभर नाही. मी खाली बघेपर्यंत, बराच वेळ. मग सलाईन नसलेला माझा हात धरला आणि म्हणाला, "परत खोटं बोललीस तर बघ."

"न्हाय बोलणार."

"दुखलं की दुखलं म्हणायचं."

"आत्ता दुखतंय," मी म्हटलं. "तू लई जोरात धरलायस."

१३ डिसेंबर

गोळ्या सुरू. औषधवाल्याला फोन करून विचारायला लावलं, गोळीत गव्हाचा स्टार्च नाही ना? तोहिद म्हणाला, "टीबी झाला तरी तुझा गहू सुटत न्हाय!" नाहीच सुटणार. ते जन्मभराचं. आता डॉक्टरबाईंनी शाबासकी दिलेलं.

लघवी नारिंगी होते. मळमळतं. सांधे दुखतात. पण पोटात ते पिळणं काल एकदाच आलं.

१६ डिसेंबर

सोडलं. निघताना डॉक्टरबाईंनी तोहिदला सांगितलं, सिलिॲक घराण्यात असू शकतं, मुलीचं रक्त एकदा तपासून ठेवा, राहून गेलेलं दिसतंय. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. खरंच राहून गेलं होतं! माझंच सगळं बघण्यात. आजच शाळेतून येताना मेहकचं रक्त दिलं. नुसती खबरदारी. पोरगी कशी टुणटुणीत आहे!

२० डिसेंबर

अब्बा पावाची गाडी घेऊन गडमुडशिंगीला आले. ह्या वेळी दुकानाचं निमित्त केलं नाही. जिना चढून आले आणि तोहिदसमोर उभे राहिले. दोघंही एकमेकांच्या पायांकडे बघत.

"चल की घरी," अब्बा म्हणाले.

"मीच चुकलो अब्बा. भट्टीला बोललो."

"भट्टीला काय कान हाईत व्हय? गाद्या उचल."

झालं! दोन महिन्यांचं भांडण गादीच्या वळकटीत गुंडाळलं दोघांनी. आक्का रडली, मेहकच्या हातात गुळाची ढेप दिली, आणि अब्बांना म्हणाली, "पावणं, आता सदरा घालून गाडी चालवा. लोक हसत्यात."

आता वर, आमच्याच खोलीत. अब्बांनी मैद्याची पोती मागच्या शेडमध्ये हलवलीत, जिन्याला दार बसवलंय. मी म्हटलं, अब्बा, ह्याची गरज नव्हती, डॉक्टर म्हणाल्या ना? तर म्हणाले, "असू दे. माझ्या समाधानासाठी."

आज बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले. भात, आमटी, अंडं. जेवून सरळ बसले. काहीच झालं नाही. मोरीत गेले ती फक्त हात धुवायला.

२३ डिसेंबर

मेहकचा रिपोर्ट आला. तोहिद अजून बाजारातून यायचाय, मी एकटीनंच बघितला. किती असायला पाहिजे ते शेजारी छापलंय. तिचा आकडा त्याच्या कितीतरी पट. दवाखान्यात फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, दुर्बीण करून खात्री करू, तोवर जेवण बदलू नका. पण तयारी ठेवा.

तिचं पोट एक दिवसही दुखलेलं नाही.

ती आत्ता खाली आहे, अब्बांच्या शेजारी स्टुलावर, ताजा पाव फुंकर मारून खातेय. हसण्याचा आवाज वरपर्यंत येतोय. संध्याकाळपर्यंत थांबावं का? निदान आजचा दिवस? सगळे नुकते कुठे...

नाही. जिना उतरते. आत्ताच सांगते, सगळ्यांसमोर.